आकाश गप्प करणारा तौनो

"काइसू, आकडा सांग," ओइवा फोनवर कुजबुजला. "सगळे थांबलेत."

ओइवा हिएतायोकी गावचा दुकानदार. एरवी त्याचा आवाज नदीपलीकडे ऐकू जायचा, पण आज तो चर्चमध्ये बोलावं तसा बोलत होता. त्याच्या पाठीमागे गावच्या लाकडी सभागृहात दीडशे माणसं दाटीवाटीने बसली होती आणि त्यातलं एकही खोकत नव्हतं. मार्च महिन्यात, उत्तर फिनलंडमध्ये, दीडशे माणसं एका खोलीत बसतात आणि कुणी खोकत नाही, हाच त्या संध्याकाळचा खरा चमत्कार होता, असं काइसूला पुढे कितीदा तरी वाटलं.

ती गावाबाहेर तीन किलोमीटरवर, विश्वकिरण मोजण्याच्या ठाण्यात एकटी बसली होती. समोर यंत्राने छापलेली कागदी पट्टी होती. त्या पट्टीवर जे होतं ते तिला उच्चारायचं नव्हतं. पण कुणी विचारलं तर खरा आकडा सांगायचा, हेच तिने सतरा वर्षं केलं होतं.

"ब्याण्णव," ती म्हणाली.

"ब्याण्णव!" ओइवाने ओरडून सांगितलं, आणि रिसीव्हरमधून असा गलका उसळला की काइसूने तो कानापासून लांब धरला. बाकं सरकली, कुणी रडलं, कुणी टाळ्या पिटल्या. मग त्या सगळ्या गोंधळावर तौनोचा जाड, मऊ, तुपाळ आवाज पसरला.

"ऐकलंत? काल शंभर, आज ब्याण्णव! आकाशातून दर मिनिटाला हजारो सुया तुमच्या अंगात घुसत होत्या मित्रांनो, त्यातल्या शंभरातल्या आठ मी आज थांबवल्या. फक्त आठ! अजून बळ मिळालं तर वीस थांबवीन, पन्नास थांबवीन. आणि हे मी म्हणत नाही हं. सरकारी यंत्र म्हणतंय!"

सरकारी यंत्राने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात फोनवर कुणीतरी दुसरंच आलं.

"काइसू, अगं मला जाणवलं! खरंच जाणवलं. अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं." ती हेल्मी होती, काइसूची थोरली बहीण. ती रडत होती आणि हसतही होती.

"हेल्मी, सोमवारी सकाळी आपल्याला शहरात जायचंय. इस्पितळात. मी गाडी घेऊन सातला येते."

"आता कशाला?" हेल्मी म्हणाली, आणि फोन ठेवला.

हा तौनो गेल्या शरद ऋतूत दक्षिणेकडून आला. आधी म्हणे तो रेडिओ दुरुस्त करायचा. पैसा मात्र तो कुणाकडून घेत नसे, आणि गावाचा त्याच्यावर विश्वास बसला तो नेमका याच गोष्टीमुळे. "पैसा घेत नाही म्हणजे माणूस खरा," असं ओइवा गिऱ्हाइकांना सांगायचा. पैसा घेत नसे हे खरंच. हेल्मीच्या मेलेल्या नवऱ्याची नदीकाठची झोपडी तेवढी राहायला घेतली, तिच्यातलं सरपण घेतलं, दर आठवड्याला कुणाकडून सामन मासा, कुणाकडून राय धान्याचा काळा पाव, कुणाकडून लोकरीचे मोजे घेतले, आणि हेल्मीची शेजारीण रायली त्याचे कपडे धुऊन द्यायची. बाकी काही म्हणजे काही घेतलं नाही.

पण त्याला हत्यार मिळालं ते काइसूच्या हातून, आणि ही गोष्ट तिला अजून झोपू देत नाही.

पाच वर्षांपूर्वी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा हिएतायोकीची माणसं हवेला घाबरायला लागली. बेरी खाऊ का? नदीतला मासा खाऊ का? रेनडिअरचं मांस पोराला देऊ का? सगळे काइसूलाच विचारायचे, कारण गावात किरण मोजणारं यंत्र एकच आणि ते तिच्याकडे. तिने घसा फोडून सांगितलं की बाबांनो, माझं यंत्र ते किरण मोजतच नाही. माझे किरण चेर्नोबिलचे नव्हेत, ते दूर ताऱ्यांकडून येतात, तुमच्या आज्याच्या आज्याच्या अंगावरही तेच पडत होते आणि तो नव्वदीला पोचला. कुणाच्या कानात शिरलं नाही. शेवटी ओइवाने दुकानात एक फळा लावला आणि म्हणाला, "तू रोज आकडा लिही फक्त. लोकांना बरं वाटेल." तिने लिहायला सुरुवात केली. हजारांतले मोठमोठे आकडे लोकांना कळेनात म्हणून तिने सोपं केलं: नेहमीइतके किरण म्हणजे शंभर. लोक पाव घ्यायला यायचे, फळ्यावर शंभर बघायचे आणि निवांत घरी जायचे. कधी अठ्ठ्याण्णव दिसलं तर जरा जास्तच निवांत जायचे. कमी म्हणजे चांगलं, हे त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. काइसूने ते पुसायला हवं होतं. तिने हसून सोडून दिलं.

दुसरी चूक तिने ऑक्टोबरमध्ये केली. शाळेत तिचं भाषण होतं. ती रंगात येऊन बोलली, "सूर्यावर कधीकधी मोठा भडका उडतो. त्यातून विजेने भारलेल्या वायूचा अवाढव्य ढग सुटतो आणि दोनेक दिवसांनी आपल्यापाशी येतो. त्या ढगाच्या पोटात चुंबकीय शक्ती असते. ती बाहेरून येणाऱ्या विश्वकिरणांना बाजूला सारते, आणि माझा आकडा काही तासांत धाडकन खाली येतो. मग आठवडाभरात हळूहळू पुन्हा शंभरावर. सूर्याने आपल्यावर थोडा वेळ छत्री धरली म्हणा ना!"

पोरं जांभया देत होती. पहिल्या रांगेत एक नवा माणूस वहीत उतरवून घेत होता. "दोनेक दिवस म्हणजे नक्की किती हो?" त्याने विचारलं.

काइसूला इतकं बरं वाटलं! सतरा वर्षांत गावातल्या कुणी तिला एवढा नेमका प्रश्न विचारला नव्हता. "दीड ते तीन," ती म्हणाली, आणि तौनोला तिने स्वतःच्या हाताने दुसरा कप कॉफी दिली, वेलदोड्याच्या पावासकट.

नाताळनंतर तौनोने पहिल्यांदा जाहीर केलं की परवा मी आकाश गप्प करणार. दोन दिवसांनी आकडा खरंच त्र्याण्णव झाला. महिन्याभरात पुन्हा तेच. मार्चमध्ये ब्याण्णव. मध्ये एकदा त्याचा नेम चुकला, आकडा ढिम्म हलला नाही, तेव्हा त्याने डोळे मिटून हवेत बोट फिरवलं आणि दारात उभ्या असलेल्या गुरांच्या डॉक्टरवर आणून ठेवलं. "हा मनात हसला!" बिचारा डॉक्टर खरंच हसला होता, पण दुसऱ्याच कशावर तरी. पुढे महिनाभर त्याला गावात कुणी कॉफी विचारली नाही.

हेल्मीला जानेवारीत कळलं होतं. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ होती, वेळेत सापडली होती, आणि शहरातल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की हिच्यावर किरणोपचार हाच मुख्य इलाज, सहा आठवडे लागतील, आणि बरी व्हायची आशा चांगली आहे. मार्चमधली तारीखही दिली होती. पण तौनोने तिच्या स्वयंपाकघरात बसून, तिचंच सूप ओरपत विचारलं, "आकाशाच्या किरणांनी जे आजारपण आणलं, ते आणखी किरण मारून जाईल? सुया टोचून अर्धमेल्या झालेल्या बाईला डॉक्टर आणखी सुया टोचणार? वा रे शहाणे!" झालं. हेल्मीने तारीख सोडली.

दोघी बहिणींचा एक नेम होता. दर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी हेल्मीकडच्या सौनात, म्हणजे वाफेने तापवलेल्या लाकडी खोलीत, एकत्र बसायचं. आई होती तेव्हापासूनचा नेम. त्या वाफेत दोघी उघड्यानागड्या बसायच्या, बर्चच्या डहाळ्यांच्या जुडीने एकमेकींच्या पाठी झोडायच्या आणि काय वाटेल ते बोलायच्या. सौनात खोटं बोलायचं नाही, हे आईने दोघींना लहानपणीच बजावलं होतं. काइसूच्या घटस्फोटाची बातमी जगात सगळ्यात आधी त्या लाकडी फळीवर सांगितली गेली होती.

त्याच फळीवर एप्रिलमध्ये काइसूने हात जोडले. "हेल्मी, तो आकाश गप्प करत नाही गं. सूर्यावर भडका उडतो, दोन दिवसांनी आकडा पडतो. तो नुसता भडक्यानंतर तोंड उघडतो."

"बरं. मग त्यांना भडका उडाल्याचं कळतं कसं?" हेल्मीने चुलीवरच्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. "तुला दक्षिणेकडच्या वेधशाळेतून फोन येतो. त्यांच्या झोपडीत फोन नाही, रेडिओ नाही. मी स्वतः बघितलंय."

काइसूने जुडी बादलीत बुडवली. वेधशाळेचा फोन फक्त ठाण्यात यायचा आणि ठाण्यात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

"बघ," हेल्मी म्हणाली. चिडवून नाही, प्रेमाने म्हणाली. "तुला सगळं मोजता येतं, पण सगळं कळतंच असं नाही, काइसू." तिच्या बरगड्या आता मोजता येत होत्या. काइसूने तिच्या पाठीवर जुडी अगदी हळू मारली.

उत्तर मिळालं ते मेच्या शेवटी, आणि तेही हेल्मीच्याच तोंडून. काइसू तिच्यासाठी सूप घेऊन आली होती. हेल्मी पलंगावर पडून बोलत होती.

"गेल्या आठवड्यात तू फोन केलास ना, सूर्याने पुन्हा गोंधळ घातलाय, तीन दिवस ठाण्यातून हलता येणार नाही, शनिवारचा सौना चुकला म्हणून? मला इतकं वाईट वाटलं. तौनो आले तेव्हा मी रडलेच. ते म्हणाले, रडू नकोस, तू एकटी पडलीस म्हणून शनिवारी मी खास तुझ्यासाठी आकाश गप्प करीन. किती माया आहे बघ त्या माणसाला."

काइसूने चमचा खाली ठेवला.

"मागच्या वेळीही असंच झालं होतं?"

"दर वेळी असंच होतं. तू आली नाहीस की तेच येऊन बसतात माझ्याजवळ. मी नुसतं म्हणायचा अवकाश, काइसूला आज सुटका नाही."

काइसू ठाण्यात परतली ती कशी परतली हे तिला आठवत नाही. तिने ड्यूटीची वही काढली आणि फळ्यावरच्या आकड्यांची वही काढली. भडका उडाला की वीज जाते-येते, यंत्र बंद पडायची भीती असते, म्हणून ती ठाण्यातच मुक्काम करायची आणि लगेच हेल्मीला फोन करायची. पाच वेळा तिने सौना चुकवला होता. पाचही वेळा तौनोने दोन दिवसांच्या आत आकाश गप्प करायचं जाहीर केलं होतं. एकदा ढग पृथ्वीच्या बाजूने निघून गेला, आकडा पडलाच नाही, आणि नेमकं त्याच वेळी गुरांचा डॉक्टर मनात हसला होता. याखेरीज कधीही, तिचा सौना चुकलेला नसताना, तौनोच्या अंगात काही बळ आलं नव्हतं.

आकाशाशी बोलणाऱ्या माणसाला आकाशाची बातमी हेल्मीकडून मिळत होती. आणि हेल्मीला काइसूकडून.

ती धावत बहिणीकडे गेली आणि सगळं सांगितलं. हेल्मीने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "तुला ते आवडत नाहीत, म्हणून वह्या जुळवतेस. असलं काही मी त्यांच्या कानावरही घालणार नाही."

म्हणजे वहीने भागणार नव्हतं. एकच मार्ग उरला होता, आणि त्याच्यासाठी सूर्य शांत असायला हवा होता. त्या वर्षी सूर्य काही केल्या शांत होईना. जूनमध्ये भडक्यांवर भडके उडाले, काइसूने सौना चुकल्याचे फोन नेहमीसारखेच केले, तौनोने दोनदा आकाश गप्प केलं, लोकांनी त्याला गाण्याच्या सुरात धन्यवाद दिले. हेल्मी आता चालताना भिंत धरायची. काइसू रोज सकाळी वेधशाळेला फोन लावायची आणि रोज तिकडून उत्तर यायचं, "सूर्यावर अजून डाग आहेत, म्हणजे भडक्यांचा अजून धोका आहे." जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका गुरुवारी उत्तर आलं की डाग पलीकडे गेले, निदान तीन-चार दिवस शांतता.

काइसूने एका कागदावर चार ओळी लिहिल्या, पाकिटात घातल्या, पाकीट चिकटवलं आणि ओइवाच्या दुकानात नेलं. दुकानातच पोस्ट होतं. "यावर आजची तारीख आणि वेळेचा शिक्का मार. आणि शनिवारपर्यंत कुलपात ठेव."

"काय आहे गं यात?"

"शनिवारी सगळ्यांसमोर तूच फोड."

मग तिने हेल्मीला फोन लावला. लावला आणि ठेवला. पुन्हा लावला. एकावन्न वर्षांच्या आजारी बहिणीशी, जिच्याशी ती कधी खोटं बोलली नव्हती, तिच्याशी ती पहिल्यांदा खोटं बोलली. "हेल्मी, सूर्यावर मोठा भडका उडालाय. शनिवारचा सौना मला जमायचा नाही."

"बरं," हेल्मी म्हणाली. "मला वाटलं होतं, या वेळी येशील."

संध्याकाळी सहापर्यंत गावभर झालं की शनिवारी तौनो आकाश गप्प करणार आहे.

शनिवारी सभागृह गच्च भरलं. हेल्मीला आरामखुर्चीत बसवून पहिल्या रांगेत आणलं होतं. आज काइसू ठाण्यात नव्हती. ती दारातून आत आली तेव्हा लोक वळून बघायला लागले. तिने रायलीला ठाण्यात बसवलं होतं. तौनोचे मोजे धुणाऱ्या, त्याच्यासाठी भांडायला उठणाऱ्या रायलीपेक्षा विश्वासाचं माणूस गावाला मिळालं नसतं. पट्टी कशी वाचायची ते काइसूने तिला तीनदा दाखवलं होतं.

"तुम्ही आज इकडे?" तौनोच्या कपाळावर एक आठी येऊन गेली.

"बघायला आले. माझ्या शंकेने तुमचं काम अडेल का? अडत असेल तर आत्ताच सांगा, बाहेर थांबते. मागाहून नको."

दीडशे माणसं ऐकत होती. तौनोला हात झटकून हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "तुमच्यासारख्या दहाजणी आल्या तरी आकाश माझंच ऐकतं, काइसूबाई."

मग तो सुरू झाला. हात वर केले, बोटं थरथरवली, घशातून घुमणारा एक आवाज काढला. "थांब! मी म्हणतो थांब! सुयांनो, परत फिरा! या बाईच्या अंगातून निघा!" घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला. अर्धा तास हे चाललं. नाटक म्हणून वाईट नव्हतं, घाम तरी खरा होता. शेवटी त्याने ओइवाला खूण केली.

ओइवाने फोन फिरवला. "रायली, आकडा सांग."

ओइवाने पुन्हा विचारलं, ऐकलं, आणि रिसीव्हर खाली करून तसाच उभा राहिला.

"शंभर," तो म्हणाला. "ती म्हणते तीनदा बघितलं. शंभरच आहे."

"यंत्र बिघडवलंय!" तौनो ओरडला. "हिने बिघडवलंय!"

"ओइवा, पाकीट फोड," काइसू म्हणाली.

ओइवाने शिक्का सगळ्यांना दाखवला आणि मोठ्याने वाचलं: "गुरुवार, सकाळी दहा. सूर्य शांत आहे. आज मी फक्त हेल्मीला सांगणार आहे की सूर्यावर भडका उडालाय आणि माझा शनिवारचा सौना चुकणार. हे खोटं आहे. आज संध्याकाळच्या आत तौनो जाहीर करील की तो शनिवारी आकाश गप्प करणार. शनिवारी आकडा शंभर असेल. काइसू."

मग तिने दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या आणि तारखा एकेक वाचल्या. कोणत्या दिवशी भडका, कोणत्या दिवशी बहिणीला फोन, कोणत्या दिवशी तौनोची घोषणा. "आकाशाला यातलं काही माहीत नाही," ती म्हणाली. "आकडा सूर्यामुळे पडतो, तौनो जन्मायच्या आधीपासून पडतोय. आणि पडला काय, न पडला काय, तुमच्या तब्येतीला त्याने काडीचा फरक पडत नाही. हे मी पाच वर्षांपूर्वी त्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं."

तौनो दाराकडे सरकत होता. गुरांचा डॉक्टर दारातच उभा होता. तो या वेळी हसला नाही, नुसता बाजूला झाला.

टाळ्या वाजल्या नाहीत. मागच्या रांगेतल्या कुणीतरी खुर्च्या एकावर एक रचायला सुरुवात केली, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं. काइसू हेल्मीपुढे गुडघ्यांवर बसली.

"तू मला खोटं सांगितलंस," हेल्मी म्हणाली.

"हो."

"मी परवा रात्रभर... मला वाटलं, तुला माझ्यापेक्षा ते यंत्र प्यारं आहे." मग तिच्या चेहऱ्यावर दुसरंच काही आलं, आणि ते काइसूला मरेपर्यंत विसरता येणार नाही. "म्हणजे त्याला सांगणारी मीच होते? दर वेळी मीच?"

काइसूने तिचे हात धरले. नाही म्हणावं असं तिला फार वाटलं. पण आज एवढ्या लोकांसमोर खरं बोलून झाल्यावर आता लगेच खोटं कसं बोलायचं, हे तिला कळेना, आणि त्या न बोलण्यातच हेल्मीला उत्तर मिळालं.

तौनो सोमवारी पहाटेच्या बसने गेला. झोपडीत उष्टी भांडी आणि अर्धा सामन मासा सोडून गेला. आठवड्यानंतर हेल्मीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "गाडी आण."

शहरातली डॉक्टर तरुण होती. तिने जानेवारीची चित्रं आणि आताची चित्रं शेजारी शेजारी लावली आणि काइसूला बाहेर बोलावलं. जानेवारीत मुठीत मावणारं होतं ते आता हाडांपर्यंत गेलं होतं. "मार्चमध्ये आल्या असत्या तर वाचल्याच असत्या, असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण मार्चमध्ये संधी चांगली होती. आता किरण देऊ, पण ते दुखणं कमी करायला."

पहिल्या दिवशी हेल्मी त्या मोठ्या यंत्राखाली दोन मिनिटं झोपून बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं आश्चर्य होतं.

"काहीच जाणवलं नाही गं," ती म्हणाली. "काही म्हणजे काही नाही. मी कशाला घाबरले होते?"

काइसूने तिला कोट घालायला मदत केली. बटणं लावता लावता तिला इतकं रडू आलं की खालची दोन बटणं तशीच राहिली. शेवटचे दोन महिने ती ठाणं सोडून हेल्मीच्या घरीच राहिली. बुधवारी आणि शनिवारी ती सौना तापवायची, हेल्मीला तिथवर नेता येत नव्हतं तरी तापवायची, आणि गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने तिचं अंग पुसायची. हेल्मी ऑक्टोबरमध्ये गेली.

दफनानंतर, शुक्रवारी दुपारी, सगळे सभागृहात कॉफीला जमले. ओइवा काइसूजवळ आला. माणूस वाईट नव्हता. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. "काही म्हण, काइसू, ते चार महिने तिला बरं वाटत होतं. ती आनंदात होती."

"हो, होती," काइसू म्हणाली. तिचा आवाज हळू होता, पण सगळ्यांनी कप खाली ठेवले. "तिला बरं वाटत होतं आणि आजार वाढत होता. तुम्हीही तिथे होतात. मीही आकडा सांगत होते. आपण कुणीच मूर्ख नाही. आपण घाबरलो होतो, आणि घाबरलेल्या माणसाला कुणी हात वर करून थांब म्हटलं की ते खरं वाटतं. पुन्हा कुणीतरी येईल. तो आकाश म्हणणार नाही, दुसरं काही म्हणेल. तेव्हा त्याला एवढं विचारा की तुला आधी कुठून कळलं. तुझा नेम किती वेळा चुकला, आणि चुकला तेव्हा तू दोष कुणावर ढकललास. वहीत लिहून ठेवा, आणि मोजा. माझंही असंच मोजा. विचारायची लाज वाटू देऊ नका. मला आधी वाटली होती, म्हणून मी उशीर केला."

बश्यांचा आवाज हळूहळू पुन्हा सुरू झाला.

ती कप विसळायला आत गेली तेव्हा रायली मागोमाग आली आणि तिने दार लोटलं. रायली साठीला आलेली होती. तिच्या हातात धुवायचा कप होता आणि तो ती नुसताच धरून उभी होती.

"मला ईस्टरपासून रक्त जातंय," ती म्हणाली. "पाळी जाऊन आठ वर्षं झालीत. तौनो म्हणाले होते, आकाश अंगातली घाण बाहेर काढतंय, थांबा. तो गेला. तरी मी थांबलेच. आता कुणाला सांगायचं, काय तोंडाने सांगायचं, असं वाटत राहिलं."

काइसूने हात पुसले. "किती वाजले?"

"सव्वादोन असतील."

"आरोग्य केंद्र चारपर्यंत उघडं असतं. कोट घाल."

"आज? अगं, माणसं बसलीत बाहेर. हेल्मीची कॉफी चालू आहे."

"ओइवा ओतेल कॉफी. तू कोट घाल."

मागच्या दाराने दोघी बाहेर पडल्या. काइसूने काळ्या कपड्यांतच गाडी काढली. रस्त्यावर पहिलं बर्फ पडून गेलं होतं, म्हणून ती सावकाश चालवत होती. निम्म्या वाटेवर रायली म्हणाली, "मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते," काइसू म्हणाली. "तरी आपण जायचंच."